गच्चीवरून अवकाश स्थानक कसं बघायचं

२५ जून २०२५ला, आपल्या घड्याळात दुपारी बाराच्या ठोक्याला, भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्लांचं यान फ्लोरिडातून उडालं आणि २८ तासांनी, दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला जोडलं गेलं. आमच्या सासूबाईंचा लगेच प्रश्न, "आपल्या गच्चीवरून दिसेल का गं?" दिसतं, दुर्बिणीशिवाय दिसतं. पण सांगलीत जून-जुलैत आभाळ मोकळं कुठलं! १४ जुलैला ते परत निघाले तरी आम्ही छत्री घेऊनच. शेवटी दिवाळीत जमलं.

नासाचं 'स्पॉट द स्टेशन' ॲप घ्या आणि आपलं गाव टाका. ते तारीख, वेळ, कुठून उगवणार आणि किती अंश वर जाणार हे सांगतं. यातला अंशांचा आकडा महत्त्वाचा. हात ताणून मूठ धरली की साधारण १० अंश होतात. ४०च्या खाली असेल तर मी जिना चढतच नाही. समोरची इमारत आणि पाण्याची टाकी यांतच ते संपतं.

वेळ कायम दिवेलागणीची किंवा पहाटेची असते. स्थानकाला स्वतःचा दिसण्याजोगा उजेड नाही. आपल्याकडे अंधार पडलेला, पण ४०० किलोमीटरवर अजून ऊन असतं, ते त्याच्या पंखांसारख्या सौरपट्ट्यांवर पडून चमकतं. मध्यरात्री तिथेही बहुतेक सावलीच, म्हणून दिसत नाही.

दिशा आधी उजेडात बघून ठेवा. पहिल्या वेळी मी फोन आडवा धरून ईशान्येकडे तोंड करून बसले होते, आणि ते आलं पाठीमागून, नैऋत्येकडून. पोरगा ओरडला म्हणून निदान मावळताना तरी दिसलं. येतं ते पश्चिमेच्या अंगानंच, नैऋत्य किंवा वायव्येकडून, आणि जातं तिरकं पूर्वेकडे. लुकलुकलं किंवा लाल दिवा दिसला तर ते विमान समजा. हे शुक्रासारखं ठळक, शांत, एकसारखं सरकतं. फार तर सहा मिनिटं.

नवं यान निघालं असेल किंवा जुनं नुकतंच सुटलं असेल, तर त्या एक-दोन दिवसांत मोठ्या ठिपक्याच्या मागेपुढे एक फिकट ठिपकाही सापडू शकतो. माणसं त्यात बसलेली. हे मला अजून साधलेलं नाही.

एक मात्र घरच्यांना आधीच सांगून ठेवा: ते क्षितिजापर्यंत जाईलच असं नाही. आमच्या डोक्यावरून गेलं आणि पूर्वेला, नारळाच्या वर दोन मुठी असताना, तांबूस होत विझलं. सासूबाई घाबरल्या, "काय झालं गं त्यांना?" काही नाही, पृथ्वीच्या सावलीत शिरलं. दीड तासात पृथ्वीला फेरी मारून येतं म्हटल्यावर त्या सतरंजी अंथरून बसल्या. तोवर इथल्या आभाळातही सावली चढते आणि पृथ्वी फिरल्यानं वाटही पश्चिमेला सरकते, हे समजावत मी त्यांना खाली आणलं.