रेजायनाला आलात? बान्फच्या आधी चॅप्लिन बघा

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताच्या राजधानीत, रेजायनात, नवीन आलेलं मराठी कुटुंब पहिल्याच लाँग वीकएंडला जवळपास नऊशे किलोमीटर गाडी हाकत डोंगरातलं बान्फ गाठतं आणि आल्यावर म्हणतं, "आपल्याकडे बघण्यासारखं काही नाही बुवा." माझं ऐका, जुलैतला एक रविवार काढा आणि पश्चिमेकडच्या मूस जॉ, चॅप्लिन, ग्रॅव्हेलबर्ग या गावांतून रमतगमत फिरून या. डबा आणि पाणी घरूनच घ्या.

मूस जॉ सोडलं की एक नंबर हायवेच्या दोन्ही बाजूंची जमीन कोरडी होत जाते. १८५७ ते १८६० मध्ये कॅप्टन पॅलिसरने पाहणी करून हा टापू शेतीच्या कामाचा नाही, असं ठरवलं होतं. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साडेतीनशे-चारशे मिलिमीटर, म्हणजे सोलापूरच्या निम्म्याच्या आसपास. तरी पिकतं, कारण आता बहुतेक शेतकरी नांगरतच नाहीत. धसकटं तशीच ठेवून त्यांत पेरतात. बर्फ त्यांत अडकतो आणि ओल टिकते.

चॅप्लिनला पांढरे ढीग दिसतील. ते सोडियम सल्फेटचे, तिथल्या खाऱ्या तळ्यातून काढलेले. मे महिन्यात आर्क्टिककडे निघालेले सँडरलिंग पक्षी याच तळ्यावर उतरतात.

तिथून ५८ नंबर हायवेने दक्षिणेला, ग्रॅव्हेलबर्गकडे वळा आणि मनाला येईल तिथे ग्रिड रोडवर, म्हणजे शेतांमधून चौकटीसारख्या आखलेल्या गावरस्त्यांवर, शिरा. आता घाई नको. पिवळंधमक दिसेल ते कॅनोला हे तेलबियांचं पीक, पण मोहरीही पिवळीच, तेव्हा पैज लावू नका. गुडघ्याखालचं बुटकं, दाट पीक मसुरीचं. भारत बाहेरून आणतो त्या मसुरीत कॅनडाचा वाटा मोठा आणि कॅनडाची बहुतेक मसूर सस्कॅचेवानमधलीच. निळं शेत जवसाचं; ते सकाळीच गाठा, दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. (चटणीपुरता जवस ओळखणाऱ्या माझ्यासारख्याला हे इथे येऊन कळलं.) कुंपणाच्या खांबावर पिवळ्या छातीचा मेडोलार्क गात असतो. वर घिरट्या घालणारा स्वेन्सन्स हॉक हा शिकारी पक्षी हिवाळ्यात थेट अर्जेंटिनाला जातो. त्याचं खाणं म्हणजे रस्त्याकडेला दोन पायांवर उभे राहणारे गोफर, म्हणजे जमिनीत बिळं करणाऱ्या खारी.

समोरून पिकअप आला की चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. तुम्हीही उचला, ओळख असायची गरज नाही. पण फोटोसाठी कॅनोलात घुसू नका. १ जानेवारी २०२२ पासून शेतात पाऊल टाकण्याआधी मालकाची परवानगी लागते, शिवाय बुटांच्या मातीतून पिकाचा रोग पसरतो. वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका, तापलेल्या सायलेन्सरने पेट घेतो. पाऊस झाला असेल तर खडी नसलेला रस्ता टाळा. चाकं रुततात आणि मोबाईलला रेंज नसते. टाकी मूस जॉलाच भरा. आणि मे-जूनमध्ये गवतात पाय टाकलेत तर घरी आल्यावर मुलांचे कान, मान, काखा नीट तपासा, गोचीड चिकटते.