जुन्या वर्तमानपत्रात ‘कॉम्प्युटर’ सापडला? या चुका टाळा

२ मे १८९२ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक छोटीशी बातमी आहे. मथळा : ‘कॉम्प्युटर पाहिजे’. तिचं कात्रण अधूनमधून व्हॉट्सअॅपवर फिरत येतं आणि खाली कुणीतरी हमखास लिहितं, ‘बघा, तेव्हाही होता!’ होता ना. पण तो संध्याकाळी घरी जेवायला जायचा.

मथळ्याखालच्या चार ओळी वाचल्या की उलगडा होतो. अमेरिकी नौदलाच्या नाविक पंचांग कार्यालयात दोन जागा रिकाम्या होत्या, एकीला पगार १,००० डॉलर, दुसरीला १,४००. परीक्षा १८ मे रोजी वॉशिंग्टनला. विषय बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती आणि खगोलशास्त्र. यंत्र कधी परीक्षेला बसत नाही आणि पगारही मागत नाही. कॉम्प्युटर हा तेव्हा हुद्दा होता : दिवसभर लॉगरिदमची कोष्टकं उघडून आकडेमोड करणारा माणूस. शब्द ओळखीचा दिसला की आपण पुढचं वाचायचं थांबतो, ही पहिली चूक. आजूबाजूला पगार, वय, परीक्षा, रजा असं काही दिसलं तर समजा माणूसच आहे.

दुसरी चूक आपली, मराठीतली. असं कात्रण भाषांतरित करताना सरळ ‘संगणक’ लिहिलं जातं आणि वाक्याची वाट लागते. ‘संगणक पाहिजे, त्रिकोणमिती यावी’ याला काय अर्थ? इथे ‘गणक’ चपखल बसतो. आपल्याकडे पंचांगासाठी ग्रहगणित करणाऱ्याला गणकच म्हणत आले आहेत, आणि ही नोकरीही पंचांगाचीच. फक्त तिकडचं पंचांग मुहूर्तासाठी नव्हतं, जहाजांना समुद्रात आपली जागा काढता यावी म्हणून होतं.

‘हा शब्द छापील स्वरूपात इथेच पहिल्यांदा आला’ असंही त्या कात्रणाखाली लिहिलेलं असतं. साफ चूक. इंग्रजीत १६१३ साली छापलेल्या पुस्तकात हा शब्द मिळतो, अर्थ तोच, मोजदाद करणारा. ब्रिटिश नाविक पंचांगाचा १७६७ सालासाठीचा पहिला अंक घरी बसून आकडेमोड करणाऱ्या अशाच कॉम्प्युटरांच्या जोरावर निघाला. आपल्याकडेही भारतीय सर्वेक्षणात हे पद होतं. एव्हरेस्टच्या उंचीच्या गणितासंदर्भात ज्यांचं नाव घेतलं जातं ते राधानाथ सिकदार त्या खात्यात मुख्य कॉम्प्युटर होते. म्हणून शोधात जुनं कात्रण हाती लागलं तरी ‘सर्वात जुनं’ लिहू नका, ‘मला मिळालेलं सर्वात जुनं’ लिहा.

कॉम्प्युटर ‘तो’ की ‘ती’, हे इंग्रजी शब्दावरून कळत नाही. मराठीत क्रियापद लिहिताना मात्र ठरवावंच लागतं, आणि आपण सवयीने ‘तो’ करून मोकळे होतो. गणितज्ञ अॅलन ट्युरिंगच्या १९३६ च्या प्रसिद्ध लेखात कॉम्प्युटरला पुरुषवाचक सर्वनाम आहे. कागदावर एकेक खूण पाहत पुढे जाणारा माणूस त्याच्या डोळ्यापुढे होता. पण हार्वर्डच्या वेधशाळेत हे काम बायकाच करत. ताऱ्यांच्या काचेच्या फोटोपट्ट्या भिंगाने तपासायच्या, नोंदी ठेवायच्या, मजुरी तासाला २५ सेंटच्या आसपास. अॅनी जंप कॅनन, हेन्रिएटा लेव्हिट या त्यांतल्याच. तेव्हा पुढचं सर्वनाम सापडेपर्यंत लिंग ठरवू नका.

आता जुन्या वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहातल्या शोधपेटीच्या खोड्या. पुसट छापील पानावर संगणकाला ‘कम्यूटर’चं (रोज ये-जा करणारा प्रवासी) ‘कॉम्प्युटर’ दिसतं. मी एकदा रेल्वेच्या पासधारकांवरची तक्रार गणितज्ञांची म्हणून जपून ठेवली होती, आठवडाभर. यंत्राने वाचलेल्या मजकुरावर विसंबू नका, पानाचं मूळ चित्र उघडाच. दुसरं, बांधीव मासिकांच्या खंडांना कधी कधी पहिल्या अंकाचंच साल चिकटवलेलं असतं. १९५० चा लेख १८८० चा म्हणून समोर येतो. शब्दाच्या शेवटी ईआरऐवजी ओआर घालूनही एकदा शोधा. आणि ‘कॉम्प्युटिंग’ शोधलंत तर किराणा दुकानांतले तराजू ढिगाने निघतील : वजन टाकलं की किंमत दाखवणारे. त्या तराजूंची एक कंपनी १९११ मध्ये इतर कंपन्यांबरोबर विलीन झाली, आणि त्यातून बनलेल्या कंपनीचं १९२४ साली नाव झालं आयबीएम.

उलट बाजूने, १९४०-५० च्या दशकांतली यंत्रं शोधताना नुसत्या ‘कॉम्प्युटर’वर थांबलात तर अर्धं हाती लागणार नाही. वर्तमानपत्रं तेव्हा ‘इलेक्ट्रॉनिक मेंदू’, ‘यांत्रिक मेंदू’ असंही लिहीत.

१५ फेब्रुवारी १९४६ च्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर एनियाक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाची बातमी आली, तिच्या मथळ्यात ‘इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर’ असं आहे. ते विशेषण सजावटीचं नाही. फिलाडेल्फियाच्या मूर स्कूल या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात हे यंत्र उभं राहिलं, तिथे तोफगोळ्यांचे मार्ग हाताने काढायला मुली नेमल्या होत्या. त्यांतल्याच सहा जणी पुढे एनियाक चालवायला निवडल्या गेल्या. त्यांच्या हुद्द्याचं नाव कॉम्प्युटर.