पिस्तुलाचं रीलोडिंग: पावडर कुठली घ्यायची आणि डबल चार्ज कसा टाळायचा

हे लायसन्सवाल्यांसाठी आहे, तेही जिथे कायद्यानं रीलोडिंग (वापरलेल्या केसमध्ये नवा प्रायमर, पावडर आणि बुलेट घालून पुन्हा गोळी बनवणं) चालतं तिथल्या. केस (गोळीचं पितळी आवरण) साफ करणं, साइझ करणं म्हणजे परत मापात आणणं, प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) बसवणं येतं असं धरून चालतोय.

आधी पावडर. पिस्तुलाची बॅरल आखूड, म्हणून लवकर जळणारी स्मोकलेस पावडर लागते, एवढं सगळेच सांगतात, आणि मग लगेच "कमी पावडरीत जास्त गोळ्या होतात, ती घे" असा सल्ला येतो. नवशिक्यासाठी याच्याइतका वाईट सल्ला नाही. टाइटग्रुप नावाच्या पावडरीसारखी दाट पावडर .38 स्पेशल गोळीच्या केसमध्ये टाकली की तळाशी कुठेतरी पडलेली असते, कारण ती केस मुळात ब्लॅक पावडरच्या काळातली, आत जागाच जागा. चुकून दोनदा टाकली, म्हणजे डबल चार्ज झाला, तरी वरून फारसं कळत नाही. त्यापेक्षा युनिकसारखी फुगीर, पापुद्र्यांची पावडर घ्या, 9 एमएममध्ये दोनदा पडली तर सरळ केसबाहेर सांडते. मेझरमधून (पावडर मापून टाकणाऱ्या यंत्रातून) ती जरा अडखळत पडते हे खरं, पण ते चालेल.

लोड, म्हणजे किती पावडर टाकायची ते, फक्त छापील डेटातून, त्याच पावडरचा, त्याच वजनाच्या आणि प्रकारच्या बुलेटचा (बुलेट म्हणजे गोळीतून सुटणारं टोक). सुरुवात खालच्या आकड्यापासून, कमाल आकडाच दिला असेल तर 10 टक्के कमी. (एच110 या पावडरीला हा नियम लावू नका, ती फार कमी केली की नीट जळत नाही, तिथे मॅन्युअल सांगेल तेच.) बर्न रेटचा (कुठली पावडर किती वेगानं जळते त्याचा) तक्ता बघून एका पावडरचा लोड दुसरीला लावणारे भेटतील, त्यांच्या शेजारच्या लेनमध्ये उभं राहू नका.

आता मोजणं, खरी कटकट इथेच आहे. बहुतेक जण मेझर एकदा सेट करतात, एक चार्ज (एका केसपुरती पावडर) तोलतात, आकडा जुळला की सुटतात. एका चार्जवरून काही कळत नाही. हॉपर (मेझरवरचा पावडर भरायचा डबा) भरल्यावर पावडर खाली बसायला वेळ लागतो, म्हणून पहिले दहाएक चार्ज परत हॉपरमध्ये ओता, मग दहा चार्ज एकत्र तोला आणि दहानं भागा, आणि मधूनमधून एकेक सुटाही तोला कारण सरासरी बरोबर येऊनही एक कमी एक जास्त पडत असू शकतो. ग्रेन म्हणजे साधारण 0.065 ग्रॅम, त्याच्याही दहाव्या भागाचा हिशोब आहे, तेव्हा पंख्याचा वारा लागला तरी इलेक्ट्रॉनिक काटा हलतो. पंखा बंद. काटा आधी थोडा वेळ चालू ठेवा आणि चेक वेटनं (ठरलेल्या वजनाच्या तुकड्यानं) तपासा. आकडा ग्रेनमध्येच दिसतोय ना, हेही बघा.

मग डबल चार्ज. रिकाम्या केस ब्लॉकमध्ये (केस ठेवायच्या खाचांच्या ठोकळ्यात) उलट्या ठेवायच्या, एक उचलायची, भरायची, सुलटी ठेवायची, म्हणजे भरलेली कुठली हा प्रश्नच येत नाही. सगळ्या भरल्या की टॉर्च मारून ओळीओळीनं आत बघा, पावडरची पातळी सगळीकडे सारखी हवी. एखादी उंच किंवा खोल वाटली तर ओतून परत भरा, "असेल बरोबर" म्हणायचं नाही. मध्येच फोन आला तर हातातली केस ओतायची, मगच फोन घ्यायचा. रिकामी राहिलेली केसही तितकीच वाईट, नुसत्या प्रायमरनं बुलेट बॅरलमध्ये अडकते आणि पुढची गोळी मारली की बॅरल फाटते. फायर केल्यावर आवाज फुसका आला, धक्का कमी बसला, तर थांबा, पिस्तूल रिकामं करा, बॅरल मोकळी आहे का बघा.

बुलेट बसवताना पूर्ण लांबी मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. 9 एमएमची केस लहान, बुलेट थोडी जास्त आत गेली तरी प्रेशर एकदम चढतं.

टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा. उरलेली पावडर त्याच डब्यात परत, हॉपरमध्ये रात्रभर नाही, डबल बेस (नायट्रोग्लिसरीन असलेल्या) पावडरीनं प्लास्टिक खराब होतं आणि सकाळी आत कुठली होती हे आठवेलच असं नाही. लेबल नसलेली पावडर वापरायची नाही, कितीही ओळखीची दिसली तरी. आंबट वास किंवा तांबूस धूर येणारी पावडर बाद.