हात उचलायच्या आधी माणसात काय काय दिसतं आणि तेव्हा आपण काय करायचं

सरळ मुद्द्यावर येतो. जो माणूस रोज ओरडतो, आदळआपट करतो त्याच्यावर सगळ्यांची नजर असते, पण जो महिनाभरात हळूहळू बदलत चाललाय त्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की आवाजापेक्षा बदल बघा. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत शिफ्ट सुपरवायझर आहे, राहायला सिडकोत, त्यामुळे कंपनीतले राडे बघितलेत, गल्लीतले बघितलेत आणि भिंतीपलीकडून ऐकू येणारे पण. मागे पोलिसांनी पकडलेल्या गुंडांचे ते 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला'वाले व्हिडिओ सगळ्यांनी एकमेकांना पाठवले, चांगलंच आहे, पण पोलीस येतात तेव्हा बऱ्याचदा प्रकार होऊन गेलेला असतो. त्याच्या आधीचं जे असतं ते घरच्यांना दिसतं, शेजाऱ्यांना दिसतं, बाजूच्या मशीनवर उभा असतो त्याला दिसतं.

आधी एक डोक्यातून काढून टाका. "त्याची डोक्याची ट्रीटमेंट चालू आहे म्हणजे तो कधीपण मारेल" हे चुकीचं आहे, मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कोणाला हात लावत नाहीत, उलट त्यांनाच लोकांचा मार खावा लागतो. बघायचं असेल तर हे बघा की आधी कधी मारामारी केलीय का, दारू किंवा नशा वाढलीय का, हत्यार जवळ बाळगायला लागलाय का. ज्याने आधी मारलंय तो परत मारायची शक्यता सगळ्यात जास्त, मग त्याने कितीही शपथा घेऊ देत.

आता धमकी. "बघून घेईन तुला" हे तर सीबीएस बसस्टँडवर रिक्षाच्या रांगेत पण ऐकू येतं, तेवढ्यावर कोणी कोणाला मारत नाही. पण त्यात वेळ, जागा, पद्धत यायला लागली की कान टवकारायचे. "शनिवारी सेकंड शिफ्ट सुटल्यावर पाथर्डी फाट्यावर गाठतो त्याला" असं जो म्हणतो त्याने डोक्यात ते एकदा करून बघितलेलं असतं. आणि गंमत म्हणून सोडून देऊ नका, कारण बऱ्याचदा ज्याच्यावर राग आहे त्याला तो सांगतच नाही, तिसऱ्यालाच सांगतो, टपरीवर, पिताना, नाहीतर कोयता हातात घेतलेला फोटो स्टेटसला टाकून. असं तिसऱ्याला बोलून दाखवणं ही पोकळ बडबड समजू नका, हा सगळ्यात उपयोगी इशारा आहे, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी सांगेल.

एक प्रकार आमच्याकडे कामावरून काढलेल्या पोरांत दिसतो, आणि तिकडे दिंडोरी-निफाडकडे बांधाच्या भांडणात पण तोच. माणूस एकाच गोष्टीत अडकतो. तुम्ही क्रिकेटचं बोला, पावसाचं बोला, दोन मिनिटांत तो परत त्याच माणसावर येतो, त्याच अन्यायावर येतो, त्याच्या गाडीचा नंबर, यायची-जायची वेळ, कुठे चहा पितो हे सगळं त्याला पाठ असतं. त्यापुढची पायरी म्हणजे "मी आत गेलो तरी चालेल", "आता माझं काय राहिलंय". हे वाक्य ऐकलं की मी बाकी सगळं बाजूला ठेवतो. ज्याला गमवायला काही उरलं नाही असं वाटतं त्याला शिक्षेची भीती थांबवत नाही. त्यातच जर तो इतके दिवस धुमसत होता आणि अचानक एकदम शांत झाला, उधारी फेडली, पोरांना आजोळी पाठवलं, तर बरं झालं म्हणून सुस्कारा सोडू नका. तो स्वतःचा जीव द्यायच्या विचारात पण असू शकतो. सरळ विचारा, "जीव द्यायचा किंवा कोणाला काही करायचा विचार येतोय का रे?" विचारल्याने डोक्यात नसलेलं काही शिरत नाही, उलट बऱ्याच जणांचा बांध तिथेच फुटतो. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, त्याच्या समोरच लावून द्या.

घरातलं यापेक्षा वेगळं असतं आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे साक्षीदार नसतो. सुरुवात माराने होत नाही. सुरुवात होते ती फोन चेक करण्याने, लोकेशन मागण्याने, "माहेरी कशाला सारखं जायचं", "ती मैत्रीण मला पटत नाही", तिचा पगार नवऱ्याच्या हातात. मग वस्तू फुटायला लागतात, आणि लक्ष द्या, फुटतात त्या तिच्याच, तिचा मोबाईल, तिचा डबा, तिच्या आईने दिलेली भांडी, म्हणजे राग अनावर वगैरे काही नाही, निवडून चाललंय. कुत्र्या-मांजराला लाथा घालणं हे पण त्यातच आलं.

आणि गळा. हे नीट वाचा. नवऱ्याने किंवा बॉयफ्रेंडने एकदा जरी गळा दाबला असेल, मग तो "मस्करीत" असो की "रागात", तर ते थपडेच्या जातीचं नाही. अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल नावाच्या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने १९८० च्या दशकात अशा बायकांच्या जिवाला किती धोका आहे हे ओळखायची एक प्रश्नावली बनवली, आणि पुढच्या अभ्यासात दिसलं की ज्या बाईचा आधी गळा दाबला गेलाय तिचा त्याच माणसाकडून खून व्हायची शक्यता सात पटीहून जास्त असते. वरून काही दिसत नाही म्हणून घरी बसू नका. आवाज बसला, गिळताना दुखतंय, डोळ्यात लाल ठिपके, चक्कर, तर लगेच त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला किंवा जवळ जे हॉस्पिटल असेल तिथे जा आणि "गळा दाबला होता" असं स्पष्ट सांगा, कारण आतली इजा कधीकधी नंतर त्रास देते. डॉक्टरांच्या कागदावर ते आलं की पुढे पुरावा पण तोच. दुसरी धोक्याची वेळ म्हणजे ती सोडून जायला निघते तेव्हाची आणि त्यानंतरचे काही महिने. म्हणून "जा ना सोडून" असा सल्ला देऊन मोकळं होऊ नका, कधी, कोणाबरोबर, कुठे हे आधी ठरवा, आणि ते त्याच्या कानावर जाऊ देऊ नका.

आता अगदी समोर भांडण पेटलंय तेव्हाचं. इंदिरानगरला एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये बघितलेलं सांगतो. गाडी लावण्यावरून दोघांची जुंपली होती, दोघंही आईबहिणीवरून ओरडत होते, आणि मग त्यातला एक बोलायचाच थांबला. हेल्मेट मित्राकडे दिलं, घड्याळ काढून खिशात टाकलं, आजूबाजूला एकदा बघितलं कोण कोण आहे ते, आणि एक पाय मागे घेऊन आडवा उभा राहिला. बघणारे म्हणत होते "शांत झाला वाटतं". तेवढ्यात तळमजल्यावरचे एक काका आले, ते मधे नाही घुसले, बाजूने गेले, हात दिसतील असे खाली मोकळे ठेवले आणि हळू आवाजात म्हणाले, "दादा, तुझं बरोबर आहे, चल, आधी इकडे ये, मला सांग काय झालं ते." आणि त्याला बोलत बोलत गेटकडे घेऊन गेले. दुसऱ्याला बायकांनी वर नेलं. एवढंच. तर जबडा आवळलेला, मुठी वळतायत-उघडतायत, नजर एकदम रोखलेली किंवा सारखी इकडेतिकडे, बाह्या सरसावणं, हातातलं सामान खाली ठेवणं, एकाच शब्दात उत्तरं, हे दिसलं की वाद जिंकायचा नाद सोडा. दोन हात अंतर ठेवा, त्याचा जायचा रस्ता अडवू नका आणि तुमचाही दरवाजा मागे मोकळा ठेवा. बोट दाखवू नका, "शांत हो" असं ओरडू नका, चारचौघात त्याची इज्जत काढू नका, आणि कृपा करून मोबाईल काढून शूटिंग करू नका, बघ्यांसमोर माणूस मागे हटत नाही. कोयता, चाकू दिसला तर समजावत बसायचं नाही, पळायचं. घरात असाल तर किचनमध्ये अजिबात जाऊ नका, तिथे सगळंच हत्यार आहे, बाथरूममध्ये पण नको कारण बाहेर पडायला दुसरी वाट नाही.

पोलिसांचा ११२ लावला की आधी पत्ता सांगा, लँडमार्कसकट, फोन कट झाला तरी गाडी निघते. मग किती जण आहेत, हत्यार आहे का. बायकांसाठी १८१ आहे, लहान मुलांसाठी १०९८.

आणि वेळ आहे तोपर्यंत लिहून ठेवा. तारीख, काय बोलला, कोण होतं. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून भावाला, मैत्रिणीला पाठवून ठेवा. धमकीवर पोलीस स्टेशनला बऱ्याचदा एनसीच (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते आणि लोक म्हणतात एनसीने काय होतंय, पण दोन-तीन एनसी असल्या की पुढच्या वेळी हा प्रकार आधीपासून चालू आहे हे कागदावर दिसतं, त्यामुळे प्रत मागून घ्या, ती फुकट मिळते. कोणी पुरुष बाईच्या सारखा मागे फिरत असेल, तिने नको म्हटलं तरी मेसेज करत असेल तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. घरातल्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, लग्न झालेलं नसलं पण एका घरात नवरा-बायकोसारखे राहत असाल तरी चालतं, आई, बहीण पण करू शकते, आणि कोर्ट त्याला तिच्या जवळ यायला बंदी घालू शकतं, तिला घराबाहेर काढण्यापासून पण रोखू शकतं.

शेजारी असाल आणि भिंतीपलीकडे आवाज वाढला तर बेल वाजवा, वाटी पुढे करून साखर मागा, पाणी आलंय का विचारा, काहीपण. पण एकटे जाऊ नका, दोघं-तिघं जा, आणि आत हत्यार असल्याची जरा जरी शंका असेल तर बेल नको, खाली उतरून ११२. त्या घरातल्या बाईला नंतर एकटीला गाठून एक शब्द ठरवून द्या, तिने फोनवर "दळण झालं का" विचारलं की तुम्ही काही न विचारता पोलिसांना फोन करायचा. आधार, बँक पासबुक, पोरांचे दाखले, थोडे पैसे आणि घराची जादा चावी एका पिशवीत घालून तुमच्याकडे ठेवायला सांगा, आणि पिशवी तुमच्याकडे आहे हे तुमच्या घरातल्या पोरांनाही कळू देऊ नका.