चाळिशी उलटल्यावर फ्लाय बांधताना या चुका टाळा

नागपुरात फ्लाय, म्हणजे मासे पकडण्यासाठी गळावर दोरा-पिसे गुंडाळून केलेला नकली किडा, बांधणारी मंडळी मोजकीच आहेत, तरी तक्रारी मात्र ठरलेल्या असतात. तलावातल्या चिलापीसाठी दहा-बारा नंबरच्या गळावर काम भागते. पण हिमाचलातल्या तीर्थन नदीचा ट्राउट मासा डोक्यात शिरला की माणूस सोळा-अठरावर जातो आणि उतावीळ नवशिका तर थेट वीसवर उडी मारतो. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, आणि नेमके याच वयात डोळ्यातले भिंग ताठर होत गेल्याने जवळचे अंधूक दिसू लागते. येथवर कोणाचाच दोष नाही. पुढचे बहुतेक हाल मात्र आपणच ओढवून घेतलेले असतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे दिसत नाही म्हणून सीताबर्डीच्या बाजारातल्या फुटपाथवरून आणखी जास्त नंबरचा तयार चष्मा उचलणे. ज्याला लांबचा नंबर नाही, त्याला अधिक दोनच्या चष्म्यातून फार तर ५० सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसते. अडीचमधून ४०, तीनमधून ३३ आणि चारमधून अवघे २५. म्हणजे नंबर वाढवत गेलात की गळ मोठा दिसतो खरा, पण गळ पकडून ठेवणाऱ्या चिमट्याला, म्हणजे व्हाइसला, नाक टेकायची वेळ येते. धरमपेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांनी हेच केले. अडीचवरून तीन, तीनवरून चार असे ते चढत गेले आणि शेवटी त्यांच्याच डोक्याची सावली गळावर पडू लागली. दोऱ्याचे रीळ धरणारी बॉबिन फिरवायला जागा उरली नाही, दोरा गळाच्या टोकाला घासून तुटू लागला, आणि दोष ते दोऱ्याच्या कंपनीला देत राहिले. मी त्यांना नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या बेताने बसवले आणि शिंप्याच्या टेपने डोळ्यापासून गळापर्यंतचे अंतर घेतले. ते ४० सेंटिमीटर भरले. तो आकडा चिठ्ठीवर लिहून नेत्रतज्ज्ञांकडे न्यावा आणि केवळ याच कामासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा, एवढाच माझा आग्रह असतो. त्याला दोन दिवस लागतात, आणि तेवढा धीर ज्याच्याकडे नाही त्याने अठरा नंबरच्या वाटेला जाऊ नये.

परंतु त्या गृहस्थांनी चष्मा बदलण्याआधीच डबाभर फ्लाय बांधून ठेवल्या होत्या. मार्चमध्ये ट्राउटचा हंगाम उघडल्यावर आम्ही तीर्थनच्या काठी गेलो. संध्याकाळी मासे पृष्ठभागावर येऊन किडे टिपू लागले, ज्यासाठी एवढा प्रवास केला ती घटका आली, आणि गृहस्थांना फ्लायच्या नेढ्यातून तंगूसच ओवता येईना. त्यांना वाटले, उजेड कमी पडतो आहे. मी एक फ्लाय आकाशाकडे धरून पाहिली, तर नेढे व्हर्निशने पार बुजलेले. दुसरी तशीच, तिसरीही तशीच. बांधताना ते दोऱ्याचे वेढे थेट नेढ्यापर्यंत आणत आणि दोरा पक्का बसावा म्हणून वर ठेवलेला व्हर्निशचा थेंब आत उतरलेला त्यांना दिसतच नसे. सुईच्या टोकाने एकेक नेढे मोकळे करेपर्यंत अंधार पडला.

यावर माझी सवय अशी, की गळावर पहिला वेढा घेतानाच नेढ्यामागे एका नेढ्याएवढी जागा कोरी सोडायची आणि ती शेवटपर्यंत कोरीच ठेवायची. व्हर्निश बाटलीच्या ब्रशने न लावता सुईच्या टोकाने लावावे आणि ते ओले असतानाच टाकाऊ पिसाचा दांडा नेढ्यातून ओढून घ्यावा. डोळ्यांना खात्री देता येत नसली तरी पीस आरपार गेले की काम झाले. सरावापुरता भडक केशरी दोरा वापरला तर वेढे कोठे संपतात तेही कळते. पहिल्या दिवसापासून काळा दोरा हवा असलेल्यांशी मी वाद घालत नाही.

भिंगाचा दिवा घेण्याआधी साधा उजेड वाढवावा. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते आणि डोळ्यातले भिंग पिवळसर होते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. दिवा बाजूने आणि वरून यावा, समोरून डोळ्यांत नव्हे. गळाच्या मागे फिक्या निळ्या रंगाचा, न चमकणारा पुठ्ठा उभा करावा आणि पांढरी फ्लाय बांधताना तो गडद रंगाचा घ्यावा. पाच रुपयांच्या या पुठ्ठ्याने जे साधते ते महागड्या भिंगाने साधत नाही. भिंग घेतलेच असेल, तर काम संपल्यावर ते झाकून ठेवावे, कारण नागपुरी उन्हात खिडकीशी उघडे राहिलेले भिंग टेबल पेटवू शकते.

एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेल्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचा भाग खाली असतो, त्यामुळे व्हाइस डोळ्यांच्या पातळीवर लावू नये, नाहीतर हनुवटी वर करून मान धरते. कुलरचा झोत तोंडावर घेऊन बसू नये. बारीक कामात पापण्या आधीच कमी लवतात, त्यात तो वारा डोळे कोरडे करतो, आणि पिसे उडतात ती वेगळीच. मधुमेह असेल आणि साखर वरखाली होत असेल, तर ती स्थिरावल्याशिवाय नवा नंबर काढू नये.

एक गोष्ट मात्र आनंदाची मानू नये. साठीच्या पुढे अचानक चष्म्याशिवाय जवळचे दिसू लागले, तर नजर सुधारली असे समजून पेढे वाटणारे लोक मी पाहिले आहेत. बहुधा ती मोतीबिंदूची सुरुवात असते आणि लांबचे धूसर होत चालल्याकडे त्यांचे लक्ष नसते. तपासणी लगेच करावी. शस्त्रक्रिया ठरलीच, तर आपण किती अंतरावर काम करतो ते डोळ्यात बसवायचे भिंग निवडण्याआधीच डॉक्टरांना सांगावे. डोळा बरा झाल्यावर पिसांचे आणि दोऱ्यांचे सगळे डबे दिवसाच्या उजेडात उघडून चिठ्ठ्या पुन्हा लावाव्यात. पिवळ्या पडलेल्या भिंगातून गडद निळा आणि काळा यांतला फरक कळत नाही, आणि काळ्याच्या डब्यात निळी पिसे हमखास निघतात.