बाळाचं नाव कसं ठरवावं: बारशाआधी उरकायची कामं

काही जोडपी लग्नाचा हॉल बुक व्हायच्या आधीच मुलांची नावं ठरवून मोकळी होतात. काही घरांत बारशाची आदली रात्र उजाडते, पाळणा सजतो, जिलबीची ऑर्डर जाते, तरी नावाचा पत्ता नसतो. मग मोबाइलवर ‘अ वरून मुलांची नावं’ शोधली जातात आणि सोसायटीत आणखी एक आरव येतो. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या कुठल्याही मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये संध्याकाळी झोपाळ्यांपाशी उभं राहून ‘आरव’ अशी हाक मारून बघा, किती माना वळतात ते.

नाव आधीपासून, सावकाश ठरवावं. आणि याद्या चाळून नव्हे, तर तोंडाने म्हणून आणि कागदावर लिहून ठरवावं, कारण पुढची सत्तर-ऐंशी वर्षं त्या नावाचे हेच दोन उपयोग होणार आहेत. ‘जन्माआधी नाव काढू नये’ असं घरातली मोठी माणसं म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नका. नाव जाहीर करू नका, वही कपाटात ठेवा, एवढं पथ्य पुरे.

पहिलं काम: वही, दोन पानं आणि नकाराधिकार

एका पानावर मुलीची नावं, दुसऱ्यावर मुलाची. दोन्ही पानं भरायचीच. गर्भलिंग तपासणीला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि डोहाळजेवणात वाटीखाली पेढा निघाला की बर्फी, यावर नाव पक्कं करण्याइतकं भोळं आता कुणी नाही.

आधी दोघांनी वेगवेगळं लिहावं. शेजारी बसून लिहिलं की एक जण सुचवतो आणि दुसरा नुसती मान हलवतो. मग वह्यांची अदलाबदल करा आणि नको ती नावं खोडा. इथे एकच नियम: खोडलेल्या नावाचं कारण विचारायचं नाही. शाळेत डबा पळवणाऱ्या पोराचं नाव असेल, छळणाऱ्या बॉसचं असेल, कॉलेजातल्या कुणाचं तरी असेल. विचारून घरात शांतता नांदत नाही.

दुसरं काम: नावं आणायची कुठून

सुरुवात घरापासून करा. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. त्यात अडचण अशी व्हायची की सुनेने सासऱ्यांचं नाव उच्चारायचं नाही, मग पोराला हाक कशी मारणार? त्यातूनच घराघरांत बाळ, भाऊ, अप्पा, नाना तयार झाले. आज ती अडचण नाही, पण ‘दामोदर’ किंवा ‘भागीरथी’ तसंच्या तसं ठेवायची हिंमतही सगळ्यांना होत नाही. मग मधला मार्ग घ्या: नाव बदला, अर्थ ठेवा. पणजी यमुना असेल तर कालिंदी हे त्याच नदीचं नाव. भागीरथीची जान्हवी होते. आजोबा दिनकर असतील तर मिहिर म्हणजेही सूर्यच. आजीला हे सांगितलं की ती हरखते, आणि पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

घराबाहेर पडलात तर एखादा विषय धरून शोधा, मुळाक्षर धरून नको. रागांमध्ये केदार, मल्हार, सारंग, ललित, बागेश्री, आसावरी, भैरवी आहेत. नक्षत्रांमध्ये रोहिणी, चित्रा, स्वाती, अनुराधा, रेवती. फुलांमध्ये जाई, जुई, केतकी, अबोली. संतांच्या घरात निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता अशी चारही भावंडं आहेत, आणि त्यांतलं ‘मुक्ता’ मला आजच्या कुठल्याही फॅशनेबल नावापेक्षा ताजं वाटतं. आपल्या ठाणे जिल्ह्यातून वाहणारी उल्हास नदी विसरू नका. एका पिढीपूर्वी उल्हास नावाचे काका घरोघरी असायचे, आता ते नाव पुन्हा घ्यायला काहीच हरकत नाही.

आणि एखादी दुपार वाचनालयात काढा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे. जुन्या कादंबऱ्या, चरित्रं, मासिकं चाळताना अशी नावं समोर येतात जी कुठल्याच वेबसाइटच्या यादीत नसतात, पण वाचताक्षणी आपली वाटतात.

तिसरं काम: अर्थ कोशात बघा

नावांच्या वेबसाइटवर प्रत्येक नावाचा अर्थ ‘तेजस्वी’, ‘देवाची देणगी’ किंवा ‘सूर्याचा पहिला किरण’ असतो. विश्वास ठेवू नका. ‘अनय’ हे नाव सध्या लाडकं आहे आणि त्यापुढे काहीतरी भव्य लिहिलेलं सापडतं. संस्कृतात ‘नय’ म्हणजे नीती, आणि ‘अनय’ म्हणजे अनीती, अन्याय. (अनय नावाच्या गोड मुलांनी मनावर घेऊ नये. नाव माणसाने मोठं करायचं असतं.) तीच गोष्ट शेवटी ‘अंश’ जोडलेल्या नावांची. अंश म्हणजे भाग, हे ठीक, पण कशाचा? ‘रेयांश’मधला ‘रेय’ कोशात शोधून बघा आणि मग ठरवा. ज्यांना ‘ऋषिकेश’ ठेवायचं आहे त्यांनी हेही पाहावं की विष्णूचं नाव ‘हृषीकेश’ आहे. दोन्ही चालतात, पण कुठलं ठेवतोय ते आपल्याला माहीत असावं.

शोधायला पैसे लागत नाहीत. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश आणि दाते–कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट उघडतात. संस्कृत शब्दासाठी आपट्यांचा कोश पाहा.

अर्थ नाही असं नाव ठेवू नये, असं माझं म्हणणं नाही. ऐकायला गोड आहे म्हणून ठेवलं, हेही प्रामाणिक कारण आहे. पण अर्थाचं ओझं मुलालाच वागवावं लागतं. मूल जगावं म्हणून दगडू, धोंडू ठेवणाऱ्यांच्या मनात निदान माया तरी होती. सातारा जिल्ह्यात मात्र मुलगी नको होती म्हणून ‘नकुशा’ नाव पडलेल्या २८० हून जास्त मुलींना २०११ साली जाहीर कार्यक्रमात नवी नावं द्यावी लागली.

चौथं काम: हाक मारून बघा

यादीत पाच-सहा नावं उरली की घरातल्या घरात ती वापरायला लागा. स्वयंपाकघरातून बेडरूमकडे ओरडा: ‘अमुक, दूध संपव आधी!’ रागावून म्हणा. लाडाने म्हणा. तलावपाळीच्या गर्दीत मूल हात सोडून पळालंय असं समजून म्हणा. चार अक्षरांचं, जोडाक्षरांनी खचाखच भरलेलं नाव पत्रिकेत देखणं दिसतं, पण ओरडताना जीभ अडखळते.

मग त्याला ‘या’ लावा. आपल्याकडे मित्र हे करणारच. संकेतचा संक्या, ऋग्वेदचा ऋग्या, मंदारचा मंद्या. मुलींच्या बाबतीतही सुटका नाही, गायत्रीची ‘गाय’ करणारं कुणीतरी प्रत्येक वर्गात असतंच. यातून पूर्ण सुटेल असं नाव मराठीत नाही, पण जे चिडवणं तुम्हालाच ऐकवत नाही ते आत्ताच कळलेलं बरं.

आडनाव जोडून म्हणा. मधुरा कडू, शीतल तापकीर, गौरी काळे. काहींना यात गंमत वाटते, काहींना आयुष्यभराची कटकट. ठरवा. इंग्रजी आद्याक्षरंही लिहून बघा: मुलाचं नाव ‘अ’ वरून आणि वडिलांचं नाव व आडनाव दोन्ही ‘स’ वरून असेल तर वर्गात काय होईल ते सांगायला नको.

शेवटी शेजाऱ्यांचा विचार करा. ठाण्यात मुलाला हाक मारणार वरच्या मजल्यावरचे गुजराती काका, पाळणाघरातल्या ताई, शाळेतल्या मल्याळी टीचर. ‘सर्वज्ञ’चा उच्चार आपण एक करतो, हिंदीवाले दुसरा. ‘ऋतुजा’ची कुणीतरी ‘रितुजा’ करणार. चालत असेल तर बिनधास्त ठेवा. मुलाला रोज दुरुस्ती करत बसावं लागेल, एवढं ध्यानात असू द्या.

पाचवं काम: पूर्ण नाव कागदावर

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बालकाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. म्हणजे आता तीन नव्हे, चार शब्दांची ओळ जुळवायची. आई मीनल, वडील सुनील आणि मुलगा अनिल असेल तर ‘अनिल मीनल सुनील’ होतं. बडबडगीतच! ही ओळ मोठ्याने वाचल्याशिवाय नाव नक्की करू नका.

इंग्रजी स्पेलिंगही आताच ठरवा. ‘व’साठी व्ही की डब्ल्यू, ‘ई’साठी एक आय की दोन ई, ‘ज्ञ’साठी डी-एन-वाय की जी-वाय. जे ठरेल ते दोघांच्या फोनमध्ये सारखं लिहून ठेवा. दवाखान्यात एक, आधारवर दुसरं, शाळेत तिसरं असं झालं की पासपोर्टच्या वेळी ताप होतो. अंकशास्त्रवाल्यांनी सांगितलेला जादा ‘ए’ घालायचा तर तो पहिल्या कागदापासून घाला, पाचव्या वर्षी सुचून उपयोग नाही. माझं विचाराल तर घालूच नका.

सहावं काम: पत्रिका मानत असाल तर

जन्मनक्षत्रावरून अक्षर काढायची पद्धत आहे. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, म्हणजे १०८ अक्षरं. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, त्यामुळे दर सहा तासांनी अक्षर बदलतं. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेवरून अंदाज बांधणं म्हणूनच व्यर्थ. शिवाय आर्द्रा नक्षत्राच्या वाट्याला ‘ङ’ येतो आणि हस्ताच्या वाट्याला ‘ण’. त्यावरून नाव शोधून दाखवा!

उपाय परंपरेतच आहे. नामकरणाच्या विधीत ताटातल्या तांदळांवर चार नावं लिहितात: कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. नक्षत्राचं अक्षर नक्षत्रनामाला द्या, वहीतलं नाव व्यवहाराला ठेवा. सासूबाईंचा हट्ट असलेलं नावही विधीत बसवता येतं का, असं भटजींना हळूच विचारून बघा.

सातवं काम: आत्या

नाव ठेवायचा मान आत्याचा. बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून ती नाव सांगणार आणि त्याच वेळी मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालणार. त्या गोंधळात ‘शर्वरी’चं ‘सावरी’ ऐकू आलं तर पाहुणे तेच घेऊन घरी जातील. आदल्या दिवशी तिला फोन करा, नाव सांगा, दोनदा म्हणून घ्या. तिला एखादं नाव सुचवायचं असेल तर तेही महिनाभर आधी मागा. आयत्या वेळी विचारून मग नाकारलेली आत्या दिवाळीपर्यंत बोलत नाही. बाकी नातेवाइकांना मत विचारायची गरज नाही. विचारलंत की प्रत्येकाचं एक येतं.

शेवटचं काम: नोंदणी

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथल्या स्थानिक संस्थेकडे होते, तुम्ही राहता तिथे नाही. घर ठाण्याच्या नौपाड्यात आणि बाळंतपण मुलुंडच्या हॉस्पिटलात, तर मुंबई महापालिका. ऐरोलीत झालं तर नवी मुंबई महापालिका. पहिलं बाळंतपण माहेरी साताऱ्याला झालं असेल तर ठाण्याच्या प्रभाग समितीत कितीही खेटे घाला, दाखला तिकडूनच येणार. तेव्हा हॉस्पिटल ठरवतानाच हे डोक्यात ठेवा.

जन्म २१ दिवसांत कळवायचा असतो आणि हॉस्पिटलमध्ये झाला तर ते काम हॉस्पिटल करतं. त्या वेळी नाव ठरलेलं नसेल तर रकाना रिकामा ठेवता येतो. जन्म नोंदल्यापासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. म्हणजे नर्सने फॉर्म पुढे केला म्हणून घाईत काहीबाही लिहून देऊ नका. एकदा लिहिलेलं नाव सहज बदलत नाही. चूक दुरुस्त करून मिळते. ‘आता दुसरं आवडलं’ याला चूक म्हणत नाहीत. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र असा लांबचा रस्ता.

रिकामा रकाना मात्र वर्षानुवर्षं तसाच ठेवू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी, वाहन परवाना अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. दाखला हातात आला की खिडकीसमोरून हलायच्या आधी तो वाचा: मराठी नावातले ऱ्हस्व-दीर्घ, इंग्रजी स्पेलिंग, आईचं नाव, वडिलांचं नाव. मागे रांग कितीही मोठी असली तरी.