राखेचं मॉडेल चालवताय? आधी उंची कुठून मोजली ते बघा

ज्वालामुखीच्या राखेच्या मॉडेलिंगकडे नव्याने वळलेले लोक सुरुवातीचा सगळा जोर मॉडेल कुठलं घ्यायचं यावर लावतात. हायस्प्लिट, फ्लेक्सपार्ट, नेम, कुठलंही घ्या. वाऱ्याचा डेटा चांगला असेल तर राख कुठे जाणार हे सगळी साधारण सारखंच सांगतात. किती जाणार, हा खरा प्रश्न. ते ठरतं तुम्ही दिलेल्या सोर्स टर्मवर, म्हणजे राख किती वेगाने आणि किती उंचीवर सुटते या माहितीवर.

मी ज्यात पुरती अडकले होते ती गोष्ट सविस्तर सांगते. राख किती वेगाने बाहेर पडतेय हे थेट मोजता येत नाही, म्हणून ते ज्वालामुखीवर उभ्या राहणाऱ्या राखेच्या स्तंभाच्या उंचीवरून काढतात. त्यासाठी मॅस्टिन आणि सहकाऱ्यांचं २००९ चं सूत्र सर्रास वापरलं जातं. त्यात राखेचा दर उंचीच्या साधारण चौथ्या घाताने वाढतो. उंची २० टक्के जास्त धरली की राख दुप्पट.

मेख अशी, की सूत्रातली उंची ज्वालामुखीच्या मुखापासूनची आहे. विमानांना राखेचा इशारा देणाऱ्या राख सल्लागार केंद्रांच्या सूचनेत मात्र फ्लाइट लेव्हल असते, म्हणजे शंभर-शंभर फुटांत आणि समुद्रसपाटीच्या हिशेबाने मोजलेली उंची. मेक्सिकोचा पोपोकातेपेत्ल घ्या, उंची सुमारे ५,४०० मीटर. सूचनेत लेव्हल ३०० असेल तर ती ३०,००० फूट, म्हणजे ९.१ किमी. त्यातून डोंगर वजा केला की उरतात ३.७. तुम्ही ९.१ तसेच सूत्रात टाकलेत तर राख जवळपास ४० पट निघते! एरर येत नाही, ढगाचा नकाशाही झकास दिसतो. पण हवेतल्या राखेचा ०.०५ मिलिग्रॅम प्रति घनमीटरचा आकडा २ वर जाऊन बसतो. २०१० नंतर युरोपात विमानांसाठी ०.२, २ आणि ४ या पातळ्या ठरल्या, त्यातली मधली तुम्ही विनाकारण गाठलेली असते.

एवढ्यावर संपत नाही. राख कोणत्या उंचीवर सोडायची हे मॉडेलला वेगळं सांगावं लागतं. हायस्प्लिट ती उंची आपणहून जमिनीपासून धरतं, आणि मॉडेलमधली जमीन खऱ्यापेक्षा सपाट असते. मॉडेल जमिनीचे २५ किमीचे चौकोन (ग्रिड) करत असेल तर त्यात शिखर उरतंच कुठे? तिथे ३.७ दिलेत तर राख भलत्याच खालच्या वाऱ्यात सुटते. म्हणून दर वेळी तीन आकडे कागदावर लिहा: समुद्रसपाटीपासून, मुखापासून, मॉडेलच्या जमिनीपासून.

दुसऱ्याची तयार इनपुट फाइल उचलू नका, निदान पहिल्या वर्षी तरी नको. आणि मार्गदर्शक असा शोधा जो तुमचा नकाशा बघण्याआधी इनपुट फाइल मागतो. मोठं नाव नसलं तरी चालेल.

घाबरूनही जाऊ नका. सूत्रातच कित्येक पटींची अनिश्चितता आहे. दूरवर जाणाऱ्या बारीक राखेचा वाटा तर बरेचजण सरळ ५ टक्के धरतात. अनुभवी लोकांचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे एकाच उंचीवर न थांबता खालची-वरची अशा दोन-तीन उंचींवर मॉडेल चालवा आणि उत्तर पल्ल्यात द्या.

सरावाला २०१० चा आइसलंडचा एय्याफ्यात्लायोकुत्ल उत्तम. रडार, उपग्रह, विमानातून घेतलेली मोजमापं, सगळं मिळतं. डोंगर जेमतेम १,६०० मीटरचा, त्यामुळे उंचीची गल्लत दोन-तीन पटींवर निभावते. दक्षिण अमेरिकेतल्या उंच अँडीज पर्वतातले उद्रेक त्यानंतर घ्या.